दाराबाहेर दहा जण, आत कोण?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही प्रसूतिगृहात रात्री दोन वाजता बाकड्यावर नजर टाका. आई, आत्ती, मोठी जाऊ, भाऊ, नवरा, गाडी घेऊन आलेला शेजारचा पोरगा, थर्मास, स्टीलचा डबा. माणसांना तोटा नसतो. दार मात्र बंद आणि आतली बाई एकटी. सिस्टर अर्ध्या तासानं येऊन बाळाचे ठोके बघते, मावशी चादर बदलते, डॉक्टर तपासून पुढच्या पेशंटकडं जातात. सगळे आपापलं काम नीटच करत असतात, पण तिच्यापाशी टिकून बसायचं काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. ते काम डुलाचं, म्हणजे बाळंतपणात सोबत करायला शिकलेल्या बाईचं.

ती सुईण नव्हे. आतून तपासणं, ठोके ऐकणं, औषध देणं, बाळ झेलणं यातलं काहीही ती करत नाही. डॉक्टरांशी तुमच्या वतीनं भांडतही नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी लागेपर्यंत ती हलत नाही, एवढंच. पण या एवढ्याचा परिणाम मोजला गेलाय. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात, १७ देशांतल्या २६ चाचण्या आणि १५ हजारांवर बायका होत्या. ज्यांना सलग सोबत मिळाली त्यांच्यात नॉर्मल बाळंतपणं जास्त झाली, सिझर कमी झाली, कळांचा काळ थोडा आखडला. यात महत्त्वाचा शब्द ‘सलग’. तासाला डोकावून ‘कसं वाटतंय गं?’ विचारणारीचा तेवढा उपयोग नाही. म्हणून पैसे देऊन डुला घ्या किंवा घरातल्या मावशीला तयार करा, जी आत जाणार ती शेवटपर्यंत आत राहील आणि तिला आधी शिकवलेलं असेल, हे बघा.

सरकारी दवाखान्यातही याला आडकाठी नाही. केंद्र सरकारनं २०१६ मध्येच प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिलीय, आणि प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ती धरलेली आहे. अटी साध्या आहेत: स्वतः बाळंतपणातून गेलेली, संसर्गाचा आजार नसलेली, स्वच्छ कपड्यातली आणि पूर्ण वेळ थांबणारी बाई. नवऱ्याला आत घेणं त्या खोलीत इतर बायकांचा आडोसा राखता येतो का, यावर अवलंबून. खासगीत प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि तो काउंटरवर विचारून कळत नाही. बत्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीत थेट डॉक्टरांना विचारा, ‘हो’ म्हणाले तर फाइलवर लिहून घ्या. रात्रपाळीच्या सिस्टरला फाइलवरचंच दिसतं.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं की पोरगी पुण्याहून, बेळगावहून माहेरी येते आणि ऐन सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टर बदलतात. इथं दोन गोष्टी हमखास निसटतात. साखरेची तपासणी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात असते, आणि आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास. नेमक्या त्याच दिवसांत गाव बदलतं, आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना वाटतं, दुसऱ्यानं केलं असेल. चांगली डुला पहिल्या भेटीत फाइल उघडून बसते: रक्तगट, हिमोग्लोबिन, अठराव्या-विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी, वारेची जागा, बीपीच्या नोंदी. निदान करायला नव्हे, कुठला कागद नाही ते बघायला.

पावसाळ्यात दिवस भरणार असतील तर कोल्हापूरकरांना एक हिशेब जास्तीचा. वडणगे, आंबेवाडी, प्रयाग चिखली म्हणजे पंचगंगेच्या पलीकडं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सदतीस आठवडे पूर्ण झालेल्या बाईनं ३९ ला शहरात येऊन राहावं, ४३ ची वाट बघू नये. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता, तेव्हा रुग्णवाहिका असूनही रस्ता नाही ही वेळ येऊ शकते. गगनबावडा, राधानगरीकडून पन्नासेक किलोमीटर यायचं असतं. त्यांनी कळा मोजत घरी बसायचं नाही.

मोजायच्या कशा? एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. बहुतेक घरांत एक कळ संपल्यापासून पुढची येईपर्यंत मोजतात आणि अंतर चुकतं. शहरात राहणाऱ्या, पहिलटकरीण आणि बाकी सगळं ठीक असलेल्या बाईला ढोबळ नियम असा: पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, आणि हे तासभर चाललेलं असलं की निघा. दुसऱ्या खेपेला याच्या खूप आधी. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा सदतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर मोजत बसायचंच नाही. पाणी हिरवट किंवा तपकिरी दिसलं तर तो कपडा पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.

लवकर जाऊन ॲडमिट झालं की एक वेगळीच गंमत होते. सिस्टर सांगते, ‘दोन बोटं उघडलंय.’ म्हणजे गर्भपिशवीचं तोंड साधारण तीन सेंटीमीटर. चार तासांनी पुन्हा दोनच बोटं. बाहेर निरोप जातो, ‘पुढं सरकेना’, आणि बाकड्यावर रडारड. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगून ठेवलंय की खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा, आणि तासाला एक सेंटीमीटर हे माप सगळ्यांना लावू नये. त्याआधीचा काळ किती लांबेल याला नेम नाही. या तासांत डुला बाईला झोपवते, मऊ भात किंवा लापशी भरवते, खोलीतल्या खोलीत चालवते आणि नातेवाइकांचे फोन काढून घेते. शेवटचं काम सगळ्यात अवघड.

आता हातांचं काम. कंबर फुटल्यासारखी दुखते तेव्हा सगळ्यात उपयोगी पडतो तो दोन्ही कुल्ह्यांवरचा दाब. बाईला पलंगाच्या कडेला हात टेकून पुढं वाकवा. तिच्या मागं उभं राहा, तळवे कुल्ह्यांच्या मांसल भागावर ठेवा, बोटं माकडहाडाकडं. कळ चढायला लागली की दोन्ही तळवे आत आणि किंचित वर दाबा, कळ उतरेपर्यंत तसेच धरा, मग हळूच सोडा. नवख्या माणसाचं इथं तीन ठिकाणी चुकतं. एक, दाब कमरेवर पडतो, त्याचा काही उपयोग नाही. दोन, दंडाच्या ताकदीनं दाबलं की वीस मिनिटांत खांदे भरून येतात. कोपर बाहेर काढून अंगाचा भार टाकायला शिकावं लागतं. तीन, हाताला तेल लावलेलं असलं की तळवा घसरतो. बाळ आईच्या पाठीला पाठ लावून असेल तर कळ सगळी मागं जाते. तेव्हा माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताचा गादीसारखा भाग किंवा टेनिसचा चेंडू रोवून धरायचा. खुद्द माकडहाडावर नाही. किती जोरात हे ती सांगेल, आणि ती बहुतेकदा ‘अजून’ म्हणते.

मागंपुढं चोळत बसू नका, कळेत ते सहन होत नाही. गरम पिशवी चालते, तिच्या आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा. मोठा चेंडू घ्यायचा तर पाच फूट तीन इंचांपर्यंतच्या बाईला ५५ सेंटीमीटरचा, त्याहून उंच असेल तर ६५ चा. बसल्यावर गुडघे कुल्ह्यांपेक्षा थोडे खाली यायला हवेत.

दर दोन तासांनी लघवीला न्या. साधी गोष्ट, पण भरलेल्या मूत्राशयामुळं बाळाचं डोकं खाली यायला अडथळा होतो आणि कळांच्या गडबडीत कुणाला आठवत नाही. दोन कळांच्या मधे घोटभर पाणी किंवा लिंबू सरबत, डॉक्टरांनी तोंडानं बंद सांगितलं नसेल तर. आणि ‘जोर लाव, जोर लाव’ हा कोरस थांबवायचा. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी लावलेला जोर वाया जातो, बाई दमते आणि खरी वेळ येते तेव्हा अंगात त्राण राहत नाही. त्यापेक्षा ‘खांदे सैल सोड, जबडा सैल, श्वास बाहेर’ एवढं हळू आवाजात, तिच्या कानाशी. एका वेळी एकानंच बोलायचं.

कळांचं सलाईन लागलं, एपिड्युरल (कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेतलं किंवा सिझर ठरलं म्हणून डुलाचं काम संपत नाही. सलाईननं कळा एकदम जोरात येतात, दोन कळांमधली उसंत कमी होते, तेव्हा दाब-श्वासाची जास्तच गरज. एपिड्युरलनंतर कूस बदलायला आठवण करायची, साधारण अर्ध्या तासानं, गुडघ्यांत उशी घालून. सल्ला मिळाला की डुला बाईला प्रश्न आठवून देते: याची गरज का, तासभर थांबलं तर काय होईल, दुसरा पर्याय आहे का. उत्तर डॉक्टरांचं, निर्णय तिचा. ठोके घसरले आणि धावपळ सुरू झाली की मात्र प्रश्न बंद, भिंतीला लागून उभं राहायचं आणि तिचा हात धरता आला तर धरायचा.

बाळ रडलं, की नाळ लगेच कापायची घाई नको. बाळ ठीक असेल तर किमान एक मिनिट थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर, वरून कोरडं कापड. पहिल्या तासात अंगावर पाजायला लावायचं. सिझर झालं तरी जमू शकतं, आधी बोलून ठेवलं असेल तर. याच तासात बाहेरच्या बाकड्यावरनं मधाचं बोट येतं. मध नाही, गुळाचं पाणी नाही, गुटी नाही. मधातून लहान बाळाला बॉटुलिझमची विषबाधा होऊ शकते, वर्षाच्या आत तो द्यायचाच नाही. पहिला घट्ट पिवळा चीक चमचाभरच येतो, बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो.

घरी आल्यावर डुलाची खरी कसोटी लागते, कारण आता तिची गाठ आजीशी असते. ‘आमच्या येळंला कुठं हुतं हे सगळं!’ वाद घालून काही होत नाही, आणि घालायची गरजही नाही. आजीचं पुष्कळ बरोबर असतं. मटणाचं अळणी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, चोळून अंघोळ, सव्वा महिना आराम, हे सगळं ठेवा. अळणीतल्या मटणातून प्रथिनं आणि लोह मिळतं. फक्त बाळंतिणीचं पाणी तोडू नका, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका आणि बाळाला धुरी देऊ नका. धूर त्या फुफ्फुसांना झेपत नाही. चोळणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी सांगायचं: नाकाकानात तेल नाही, बाळाची छाती पिळायची नाही, नाळेला काही लावायचं नाही.

दूध लाडवांनी उतरत नाही, वारंवार पाजून उतरतं: चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. बाळानं नुसतं बोंड पकडलं की बोंडाला चिरा पडतात. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा लावा. टाके पोटावर असतील तर बाळाला काखेत धरून पाजावं, पाय पाठीमागं. दूध पुरतं का हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला किमान सहा ओले हवेत. सुरुवातीला वजन थोडं घटतं, दहा टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. वजन त्यांच्याकडून करून घ्या, दारातनं परत पाठवू नका.

आईकडं बघायला मात्र कुणी येत नाही, सगळे पाळण्यात डोकावतात. तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, लिंबाएवढ्या गाठी पडतायत, १००.४ च्या वर ताप, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, ही दवाखान्याची कामं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं नेहमीचं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही झोप नाही, भूक नाही, बाळाकडं बघावंसं वाटत नाही, असं असेल तर ‘नजर लागली’ म्हणून सोडू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिंबरा प्रश्नावली नावाचे दहा प्रश्न असतात, डुला ते विचारते आणि डॉक्टरांकडं पाठवते. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर तिला एकटं ठेवायचं नाही.

डुला निवडताना प्रमाणपत्राची चौकट बघून भुलू नका, या कामाची आपल्याकडं सरकारी नोंदणी नाही. विचारायचं ते असं. तुमच्या तारखेच्या आसपास तिनं आणखी किती बायका घेतल्यात? ती आजारी पडली तर बदली कोण, आणि ती बदली आधी भेटेल का? कितव्या आठवड्यापासून रात्री-अपरात्री फोन उचलणार? सिझर झालं तर पैशाचं काय? बाळंतपणानंतर किती वेळा घरी येणार? सगळं कागदावर. आणि ‘माझ्याकडं शंभर टक्के नॉर्मल’ असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठा.

घरातलीच मावशी आत जाणार असेल तर चौतिसाव्या आठवड्यात तिला दोन दुपारी बसवा: कुल्ह्यांचा दाब, कळा मोजणं, लघवीची आठवण, आणि सिस्टरला काय विचारायचं, काय नाही. पोरीनं पलंगाला टेकून उभं राहायचं, मावशीनं मिनिटभर दाब धरायचा, सुटला की पुन्हा. तिच्या पिशवीत सुती साडी, रबरी सपाता, बिस्किटं, पाण्याची बाटली आणि फोनचा चार्जर आधीच भरून ठेवा.