टोचणारा ट्रेबल

गिटारचा आवाज कानाला टोचू लागला की हात आधी अ‍ॅम्पवरच्या ट्रेबलच्या, म्हणजे वरच्या स्वरांच्या नॉबकडे जातो. नॉब पाचावरून दोनावर येतो, आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो आणि टोच तरी उरतेच. खुपणारा पट्टा साधारण २ ते ५ किलोहर्ट्झचा, आणि आपला कान सर्वांत हळवा तिथेच.

निम्मे भांडण जागेचे असते. १२ इंची स्पीकर वरचे स्वर नाकासमोर सरळ फेकतो. अ‍ॅम्प जमिनीवर आणि वादक उभा, म्हणजे ट्रेबल ऐकतात ते गुडघे! वादक बिचारा नॉब वाढवत राहतो, समोरच्यांचे कान किटतात. अ‍ॅम्प मागे कलता ठेवावा, स्पीकरच्या रेषेत कान आणावा आणि मगच नॉबला हात लावावा. प्रेझेन्स, म्हणजे वरचे स्वर उठवणारा आणखी एक नॉब असेल, तर आधी तो शून्यावर.

आवाज मोठा केल्यावर गोड आणि हळू असताना बोचरा वाटत असेल, तर संशय ब्राइट कपॅसिटरवर घ्यावा. व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या रोधकाच्या) इनपुटच्या पायापासून मधल्या पायापर्यंत जोडलेला हा चिमुकला भाग ट्रेबलला आडवाटेने पुढे सोडतो. पॉट पूर्ण उघडला की दोन्ही पाय एक होतात आणि आडवाटेला अर्थच उरत नाही; दोनावर मात्र त्याचेच राज्य. फेंडर ट्विन रिव्हर्ब या अ‍ॅम्पमध्ये तो १२० पिकोफॅरडचा आणि स्विचवर असतो, तेव्हा स्विच बंद केला की झाले. मार्शलच्या काही सुपर लीडमध्ये तो चक्क ५००० चा! स्विच नसेल तर १२० च्या जागी ४७ लावावा, किंवा एक पाय सोडवून ऐकावे. पण व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत ४०० व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. ते उतरवून मीटरने तपासता येत नसेल तर डबा उघडूच नये, कारागिराकडे द्यावा.

फुकटचा उपाय गिटारवरच असतो: टोनचा नॉब दहावरून सातावर. लांब केबलही मदत करते. केबल स्वतःच कपॅसिटरसारखी वागते, दर मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड; म्हणजे तीनाऐवजी सहा मीटर घेतली की पिकअपचे (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाचे) टोकदार शिखर, म्हणजे त्याचा सर्वांत जोरकस पट्टा, खाली सरकते. मात्र ही लांबी गिटार आणि पहिल्या बफरच्या (पिकअपला पुढच्या केबलपासून अलग ठेवणाऱ्या सर्किटच्या) मधली हवी. बफरनंतर कितीही केबल जोडा, पिकअपला तिचा पत्ता लागत नाही.