‘फिट सर्टिफिकेट आणा, मग बघू’

लेक अकरावीत. डोंबिवलीहून ठाण्याला लोकलने कॉलेजला जायची. पावसात गाडी मुंब्र्याजवळ रखडली, तेव्हा गर्दीत पहिला झटका आला. छातीत धडधड, हातांना मुंग्या, ‘आई, मी मरतेय’ म्हणून फोन. असे झटके वाढत गेले तशी आधी लोकल सुटली, मग रिक्षा, शेवटी बिल्डिंगच्या गेटबाहेर पाऊल पडेना. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डर (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके) आणि अ‍ॅगोराफोबिया (गर्दीत, प्रवासात, घराबाहेर अडकून पडू अशी भीती) असं निदान केलं, सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी थेरपी, सुरू झाली. इथपर्यंत कुठेच अडलं नाही.

अडलं ते कॉलेजच्या ऑफिसात, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं: घरी बसवू नका. जितकं टाळाल तितकी भीती वाढते. म्हणून चिठ्ठीत लिहिलं, रोज दोन तास बसू द्या, हळूहळू वाढवा, अस्वस्थ वाटलं तर पाच मिनिटं बाहेर उभं राहू द्या. खिडकीवरच्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि परत सरकवली. ‘मॅडम, एकतर आजारपणाची रजा टाका, नाहीतर फिट सर्टिफिकेट आणा. अर्धवट हजेरीचा फॉर्मच नाही.’ उपप्राचार्यांकडे गेले तर ते म्हणाले ऑफिसला विचारा. ऑफिस म्हणे वर्गशिक्षकांची सही आणा. वर्गशिक्षक म्हणाले, ‘अहो, पूर्ण बरी होऊ दे, मग पाठवा ना, घाई काय आहे?’

घाई हीच होती की कॉलेजला जाणं हाच उपचार होता! ती पूर्ण बरी नव्हती, त्यामुळे डॉक्टर फिट लिहून देणार नाहीत. आणि रजा टाकली तर पोर घरात, उपचार ठप्प. वर पंचाहत्तर टक्के हजेरीची टांगती तलवार. पाय मोडलेल्या मुलाला यांनी बाक दाराजवळ दिला असता. माझी मुलगी चालती-बोलती दिसते, एवढाच तिचा गुन्हा.

मार्ग निघाला तो दुसऱ्या पत्राने. डॉक्टरांना सांगून त्यात ‘नियमित उपस्थिती हा उपचाराचा भाग आहे’ हे वाक्य घालून घेतलं, खाली कॉलेजने नेमकं काय करायचं ते. सोबत माझा अर्ज, आणि दोन्हींच्या झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का. शिक्का मारून घ्याच, तोंडी विनंती कुणाला आठवत नाही. प्राचार्यांनी पत्र वाचलं आणि तिथेच सही केली. जे ऑफिसात इतके दिवस अडून होतं ते त्या सहीने सुटलं. दाराजवळचा बाक मिळाला.

सीबीटीत काय करतात हे आधी माहीत असलं तर घाबरायला होत नाही. स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, गोल खुर्चीत फिरवतात, जागच्या जागी पळवतात. धडधड आणि चक्कर मुद्दाम आणायची, ती आपोआप ओसरते हे मुलीला स्वतःच्या अंगावर कळू द्यायचं. मग पायऱ्या: नुसतं फलाटावर उभं राहणं, दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने कोपर, मग दिवा. मी सोबत जायची, तेही पुढे थेरपिस्टनी बंद करायला लावलं. फोन हातात धरून बसणंसुद्धा. मला ते फार जड गेलं. पण ती एकटी दिव्याला उतरून फोटो पाठवते तेव्हा काय वाटतं ते आईलाच ठाऊक.

राहिलंच, गोळ्या. तिला सर्ट्रालिन दिलं. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला उलट बेचैनी वाढू शकते. मनाने बंद करू नका, आणि मूल फार उदास झालं किंवा मरणाचं बोलू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि मेडिक्लेमवाले मानसिक आजार म्हणून हात वर करू लागले तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ दाखवा. शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा, असं त्यात लिहिलंय.