ग्रेफेनहाउझेनचे ट्रक आणि इंदूरचं मिल-गेट

फ्रँकफुर्टहून डार्मश्टाटकडे येताना ए-५ महामार्गावर ग्रेफेनहाउझेनचा थांबा लागतो. पेट्रोल पंप, खाण्याची सोय, स्वच्छतागृह आणि ट्रक उभे करायला मोठी जागा. बघण्यासारखं तिथे काही नाही. तरी इंदूरहून कुणी आलं की मी हा थांबा आवर्जून दाखवते. २०२३ साली इथे जे घडलं, ते मालवा मिल, परदेशीपुरा, नंदानगर या इंदूरच्या गिरणी कामगारांच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या वर्षी मार्चअखेर जॉर्जिया आणि उझबेकिस्तानच्या ट्रकचालकांनी इथे गाड्या थांबवल्या. ट्रक पोलंडच्या एका वाहतूकदाराचे, आतला माल युरोपातल्या बड्या कंपन्यांचा, आणि चालवणारे युरोपबाहेरचे. महिनोन्‌महिने केबिनमध्येच झोप, ट्रकच्या आडोशाला स्वयंपाक, दिवसाला साधारण ८० युरोची बोली, आणि तेही पैसे थकलेले. ७ एप्रिलला, ऐन गुड फ्रायडेला, मालक भाडोत्री रक्षकांची टोळी आणि एक चिलखती गाडी घेऊन ट्रक सोडवायला आला. पोलिसांनी त्यांना अडवलं. नेदरलंड्सच्या कामगार चळवळीतले एडविन आटेमा चालकांच्या वतीने बोलणी करत होते, आसपासची माणसं खाणंपिणं आणून देत होती. एप्रिल संपता संपता सुमारे ३ लाख युरो चालकांच्या हाती पडले. जुलैत त्याच मालकाचे चालक पुन्हा इथेच थांबले, या वेळी शंभरावर. सप्टेंबरमध्ये काहींनी उपोषण धरलं, तेव्हा कुठे त्यांची थकबाकी निघाली.

पोलंडचा मालक, जॉर्जियाचा चालक, जर्मनीचा रस्ता. दाद मागायची कुठल्या कोर्टात? कागदावर पाहिलं तर हे लोक अनेक वर्षं लटकले असते. तसं झालं नाही, याची कारणं दोन. एक म्हणजे माल त्यांच्या ताब्यात होता. कुणाचं तरी काम त्या मालावाचून अडून बसलं होतं. दुसरं म्हणजे १ जानेवारी २०२३ पासून जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला होता. सुरुवातीला ३००० आणि २०२४ पासून १००० कर्मचाऱ्यांवरच्या कंपन्यांना तो लागू आहे. आपल्याला माल पुरवणाऱ्याकडे वेठबिगारी, बालमजुरी, बुडवलेली मजुरी आहे का, हे बघणं आता कंपनीची जबाबदारी आहे. फ्रँकफुर्टजवळच्या एशबोर्नमधलं सरकारी कार्यालय त्यावर लक्ष ठेवतं. ट्रकांत ज्यांचा माल होता, त्यांना या कार्यालयाने विचारणा सुरू केली, आणि ज्यांनी चालकांची नावंही कधी ऐकली नव्हती, त्यांना एकदम घाई झाली.

आता आपल्याकडे या. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांच्या हक्काच्या पैशांचा चेक २५ डिसेंबर २०२३ ला निघाला, २२४ कोटींचा, सुमारे ४८०० कामगारांसाठी. म्हणजे ग्रेफेनहाउझेनचा दुसरा संप मिटला, त्याच वर्षाच्या शेवटी. मधली तीस वर्षं ही माणसं मिलच्या गेटवर जमत राहिली, कोर्टाच्या तारखा करत राहिली. कित्येक जण वाट बघता बघता गेले आणि त्यांच्या बायकामुलांनी कागद पुढे धरले. त्याच काळात अनंत चतुर्दशीच्या रात्री बंद मिलांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, निघतच होत्या. दिवे लावायला, मूर्ती हलवायला तेच हात. इंदूरने टाळ्या वाजवल्या, पण पैसे द्यायला कुणी बांधील नव्हतं.

एकाला आठवडे लागले, दुसऱ्याला तीस वर्षं. मिलवाले कमी चिवट होते का? अजिबात नाही. कामगार नेते होमी दाजींना १९६२ साली लोकसभेत पाठवणारं हे कामगारांचं शहर आहे, संघटना म्हणजे काय ते इंदूरला शिकवावं लागत नाही. फरक इतकाच, की बंद मिलच्या गेटवर बसलेल्या माणसामुळे कुणाचंच अडत नव्हतं. भोंगा थांबला, तसा त्यांच्या हातातला जोरही गेला. जगभर माल फिरतो, पैसा फिरतो, पण मजुराची हाक सगळ्यात जवळच्या ठेकेदारापाशी येऊन थांबते. ज्याचं खरोखर अडतं त्याच्यापर्यंत ती पोचली पाहिजे, आणि पोचल्यावर त्याला उत्तर देणं भाग पडलं पाहिजे. सामाजिक न्यायाबद्दल मला जे म्हणायचंय ते एवढंच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४४ मध्ये फिलाडेल्फियात लिहून ठेवलंय की श्रम ही विकण्याची वस्तू नाही. १९९९ मध्ये हुआन सोमाविया यांनी प्रतिष्ठेच्या कामाची कल्पना मांडली, जून २००८ मध्ये जागतिकीकरणातल्या सामाजिक न्यायाचा जाहीरनामा झाला. भारत १९१९ पासून, स्थापनेपासून, या संघटनेचा सभासद आहे. तरी संघटना बांधण्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणारे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार आपण आजही मान्य केलेले नाहीत. मला हे फार लागतं.

मी इथे जर्मनीत यंत्रांचे भाग घेणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात काम करते. आमचे काही पुरवठादार पीथमपूरच्या कारखान्यांच्या भागात आहेत, म्हणजे इंदूरच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. दरवर्षी त्यांना आमच्याकडून दोन मेल जातात. एकात मानवी हक्कांची प्रश्नावली: कामाचे तास किती, किमान वेतन मिळतं का, तक्रारीची सोय आहे का. दुसऱ्यात यंदा भाव अमुक टक्के खाली आणा. दोन्ही मेल एकाच इमारतीतून निघतात. पहिल्याचं उत्तर 'हो, हो, हो' असं येतं. दुसऱ्याचं उत्तर कुणीतरी बारा तास उभं राहून देतं.

एका पुरवठादाराच्या ठेकेदाराकडची पगाराची पावती मागे एकदा नीट बघायला मिळाली. हजेरी २६, पीएफ कापलेला, ईएसआय कापलेला, सगळं रीतसर. ओटीच्या, म्हणजे जादा कामाच्या, रकान्यात तास लिहिलेले. रकमेला तासांनी भागलं तर साधा दर निघत होता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५९ व्या कलमात जादा तासांना दुप्पट दर होता, त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रम संहितेतही तो कायम आहे. पीथमपूरच्या कुणालाही विचारा, 'सिंगल ओटी' म्हणजे काय ते तो सांगेल. प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता. मी तो घालायला लावला. पण दुप्पट ओटीचा खर्च आम्ही भावात धरणार का, यावर अजून वाद चालू आहे. जर्मन कायदा खरेदीच्या पद्धती सुधारायलाही सांगतो, त्याच कलमावर बोट ठेवून मी भांडते.

म्हणून जर्मनी म्हणजे स्वर्ग, असं कृपया समजू नका. कराचीत सप्टेंबर २०१२ मध्ये कपड्याच्या कारखान्याला आग लागून अडीचशेवर माणसं मेली. तिथला बराचसा माल एका जर्मन कंपनीसाठी शिवला जायचा. पीडितांचा दावा डॉर्टमुंडच्या कोर्टाने २०१९ मध्ये मुदत उलटली म्हणून फेटाळला. असे प्रकार डोळ्यांपुढे होते, म्हणून हा कायदा करावा लागला. तोही आता सैल होतोय. कंपन्यांनी वार्षिक अहवाल द्यायची अट काढायचं सरकारने २०२५ मध्ये ठरवलं. इथल्या कत्तलखान्यांत उपठेकेदारांमार्फत माणसं राबवणं बंद व्हायला २०२१ उजाडलं, तेही तिथे करोना पसरला आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं तेव्हा.

आणि आपलीच मुलं यात सापडतात. इंदूरच्या सुदामानगरचा एक मुलगा इथे शिकतो, संध्याकाळी सायकलवरून जेवण पोचवतो. नाव मोठ्या ॲपचं, पण पगार देणारा मधला उपठेकेदार. त्याने थकवलेल्या पैशांबद्दल मुलगा मला म्हणाला, "ताई, पैसे तर दूरच, तो फोनपण उचलून नाही राहिला." लेखी करार नव्हता. पण ॲपमधल्या प्रत्येक पाळीचे स्क्रीनशॉट त्याने ठेवले होते, वेळ आणि पत्त्यासकट. 'फेअर इंटिग्रेशन' हे युरोपबाहेरच्या लोकांसाठीचं मोफत सल्ला केंद्र आहे. तिथल्या बाईंनी त्याच स्क्रीनशॉटवरून तासांचा तक्ता केला आणि मालकाला पत्र धाडलं. पैसे आले, थोडे कमी, पण आले.

इथे शिकायला येणाऱ्यांसाठी म्हणून सांगते: १ मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्याहून जास्त रोख पैशांत करायला कुणी सांगितलं तर करू नका, मग अडकल्यावर तक्रारीला तोंड उरत नाही. आणि तास रोजच्या रोज लिहून ठेवा.

पीथमपूर किंवा सांवेर रोडला ज्यांचा माल जर्मनीला जातो, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. मोठ्या जर्मन कंपनीला तक्रारीची सोय ठेवावीच लागते, आणि ती ठेकेदाराच्या हजेरीवरच्या माणसालाही खुली असते. नाव गुप्त ठेवायला हवं, असं कायद्यातच आहे. दाद नाही लागली तर एशबोर्नच्या कार्यालयाकडे जाता येतं. खोक्यावरचं कंपनीचं नाव आणि पगाराच्या पावतीचा फोटो, सुरुवातीला एवढं पुरतं. आणि कारखानदारांनो, कोटेशन पाठवताना दुप्पट ओटीची ओळ वेगळी लिहून पाठवा. समोरच्या खरेदीवाल्याला मग ती आपल्या हाताने खोडावी लागेल.