रेकॉर्ड सेलचा शनिवार

आमचं कॉफीचं काउंटर मोठ्या दुकानाच्या आत आहे हे आधी सांगायला पाहिजे, कारण रस्त्यावरचं कॅफे वेगळं आणि हे वेगळं, आणि तो फरक तिथं उभं राहून काम केल्याशिवाय कळत नाही. शटर आमच्या हातात नाही. दुकान उघडलं की आम्ही उघडायचं, दुकान मिटेपर्यंत मिटायचं नाही. दूध आमच्या छोट्या फ्रीजमध्ये थोडंच मावतं, बाकीचं मागच्या कोल्ड रूममध्ये, आणि ते आणायचं म्हणजे इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी लिहा, स्टोअरवाल्याची सही घ्या आणि ट्रॉल्यांच्या गर्दीतनं क्रेट घेऊन या. गिऱ्हाईक आम्हाला दुकानाचंच माणूस समजतं, त्यामुळे मशीनवर हात चालू असताना गव्हाचं पीठ कुठल्या लाइनीत, बाथरूम कुठं, हे पण आम्हालाच विचारतात. मी सांगते, त्याचा राग नाही. पण काउंटरला माणसं किती लागतात हे ठरवणारे या गोष्टी कधीच धरत नाहीत.

आमच्याकडे मंजूर माणसं पाच. दोन शिफ्ट, आणि दुपारी एक ते पाच दोन्ही शिफ्टची माणसं एकत्र, त्या चार तासात जेवण, भांडी, दूध आणणं, ग्राइंडर साफ करणं सगळं बसतं. त्यातला एक पोरगा गोव्याला हॉटेलात गेला, पगार जास्त आणि राहणं-खाणं फुकट, त्याला कोण आणि का अडवणार. एकीचं बाळंतपण. दोघांच्या जागा भरतो भरतो म्हणत भरल्याच नाहीत, आणि आम्ही तिघं राहिलो. तिघांत दोन शिफ्ट होत नाहीत, त्यामुळे कागदावर दोन असल्या तरी प्रत्यक्षात एकच लांबलचक शिफ्ट झाली, सकाळी मशीन तापवायला येणारं माणूस रात्री मशीन धुऊनच घरी जातं.

तो शनिवार गणपतीच्या आधीचा होता. बेळगावात सार्वजनिक गणपती १९०५ पासनं बसतोय, त्यामुळे त्या शनिवारची गर्दी इथल्या माणसाला सांगायला नको. गणपत गल्ली, खडेबाजारात पाय ठेवायला जागा नसते, मग गाडीवाले सगळे आमच्याकडे वळतात, इथं पार्किंग आहे म्हणून. चोर्ला घाट चढून गोव्याची माणसं येतात, कॅम्पातनं मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांच्या घरची मंडळी येतात, निपाणी-संकेश्वरकडची येतात. मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी, चारी भाषा एका काउंटरवर एका मिनिटात बोलायला लागतात आणि ते मला जमतं, त्याचा मला अभिमान आहे.

दुकान उघडून थोडाच वेळ झाला होता तोवर फ्लोअर मॅनेजर आले आणि आमच्यातल्या तिसऱ्याला बिलिंगला घेऊन गेले. मी म्हटलं सर आज नको, आज आम्हालाच लागतोय. "स्वल्प अॅडजस्ट माडी मॅडम, एक तास फक्त," म्हणजे थोडं सांभाळून घ्या. तो एक तास संध्याकाळपर्यंत संपला नाही. माणूस वाईट नाही तो, त्याच्याकडे पण सहा बिलिंग काउंटरला चारच जण होते. पण आमचं माणूस उचलायला त्याला फक्त बोट दाखवायला लागतं, आणि मला त्याचं एक माणूस घ्यायचं झालं तर बेंगळुरूच्या वरच्या ऑफिसला मेल टाकायला लागतो, हे काय बरोबर नाही.

राहिलो मी आणि जांबोटीकडची आमची पोरगी. वय विशीच्या आसपास, कामाला लागून फार दिवस झालेले नाहीत पण हात चांगला आहे, दूध वाफवायला तिच्यासारखं दुसरं कोणाला जमत नाही. कर्नाटकात एसटीचं तिकीट बायकांना फुकट झालं २०२३ च्या जूनपासनं, तेव्हाच तिच्या घरचे तयार झाले, नाहीतर पगारातला मोठा वाटा गाडीभाड्यातच गेला असता.

अकराच्या सुमाराला एक बाई बिल घेऊन आल्या आणि हातातलं कूपन पुढे केलं. तीन हजारच्या वर खरेदी केली की एक कॉफी फुकट. मी पहिल्यांदाच बघत होते. विचारलं तर कळलं स्कीम आजपासनं चालू झाली, मेसेज सकाळी ग्रुपवर टाकलाय. सकाळी आम्ही मशीन लावत होतो, फोन लॉकरमध्ये होते. गणपतीची खरेदी तीन हजारच्या आत कुणाची होते? म्हणजे बिलिंगवरनं सुटलेलं प्रत्येक कुटुंब थेट आमच्याकडे. आणि ते बिलिंग लवकर व्हावं म्हणून तिथं उभा केलेला माणूस आमचाच.

आता थोडं मशीनचं सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शॉट म्हणजे मशीननं दाबानं काढलेली घट्ट कॉफी, तीच प्रत्येक कपात जाते. एका डबल शॉटला १८ ग्रॅम पावडर, त्यातनं साधारण ३६ ग्रॅम कॉफी, ती २५ ते ३० सेकंदात उतरायला पाहिजे. लवकर उतरली तर आंबट पाणी, उशिरा उतरली तर कडू जाळ. पावसात हवेत ओल असली की हा वेळ हलतो, आणि ग्राइंडर सतत चालून तापला की परत हलतो, त्यामुळे सकाळी लावलेलं सेटिंग दुपारी चालतच नाही. दर तास-दोन तासांनी एक शॉट काढायचा, वजन करायचं, वेळ बघायचा, चाखायचा, दळण थोडं जाड-बारीक करायचं, परत काढायचा. पाच मिनिटांचं काम आहे. दुधाचं तसंच, जगमध्ये थंडगार दूध घ्यायचं, पहिले काही सेकंद वाफेची नळी वरच्या वर ठेवून हवा द्यायची, मग खाली घालून दूध गरगर फिरवत ६० ते ६५ डिग्रीवर थांबायचं. त्या तापमानाला दुधाला स्वतःचा गोडवा येतो, सत्तरच्या वर गेलं की तो जातो. फ्रीज सारखा उघडझाप झाला की दूध पाहिजे तेवढं गार राहत नाही, मग फेस धरायच्या आधीच ते तापून बसतं. नळी प्रत्येक वेळी ओल्या फडक्यानं लगेच पुसायची आणि वाफ सोडायची, नाहीतर दूध आत जाऊन करपतं आणि पुढच्या कपाला त्याचा वास लागतो.

माणसं कमी पडली की पहिल्यांदा काय जातं? कॉफी द्यायची थांबत नाही, कप जातच राहतो. आधी जातं ते चाखणं. मग फडकं बदलणं. मग टेबलं पुसणं. मग जेवण. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही, आणि साहेबांना तर नाहीच नाही. मी यात एक गोष्ट जाऊ देत नाही, ती म्हणजे शॉट. बारा वाजता वेळ बघितला तर शॉट पंचेचाळीस सेकंदाला उतरायला लागला होता, आणि समोर लाइन भाजीच्या सेक्शनपर्यंत. मी लाइन थांबवली आणि दळण नीट केलं. मागनं कोणतरी बोललं, "काय करायलाय हो तुम्ही, द्या की लवकर." मी म्हटलं साहेब, दोन मिनिटं द्या, चांगली देते.

त्याच वेळी मी मेनू पण कापला. कोल्ड कॉफी, फ्रापे, फ्लेवरवाले सगळे बंद. ब्लेंडर लागतो, ब्लेंडर धुवायला लागतो, आणि धुवायला माणूस नाही. खडूच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आज फक्त कापुचिनो, फिल्टर कॉफी, चहा. मराठीत आणि कन्नडमध्ये. कूपनवाले तक्रार करायला लागले की कूपनवर कुठलीही कॉफी असं लिहिलंय, आणि त्यांचं बरोबरच होतं, लिहिलेलं तसंच होतं. ते ज्यांनी लिहिलं ते त्या दिवशी फळ्यासमोर उभे नव्हते. त्यात आपल्या भागातल्या माणसाला कॉफी चहासारखी उकळती लागते, ओठाला चटका बसला पाहिजे, त्यामुळे "गरम नाही" म्हणून कप परत येतात. एरवी मी दोन शब्द बोलते की जास्त तापवलं तर गोडवा जातो, त्या दिवशी बोलायला वेळ नव्हता, मुकाट्यानं परत करून दिली.

चारच्या सुमाराला बघितलं तर पोरीचा उजवा हात थरथरत होता. पावडर घट्ट बसवायचा टॅम्पर दाबून दाबून मनगट भरून आलं होतं, ती डाव्या हातानं उजवं मनगट धरून दाबत होती आणि दुधाचा जग काउंटरला टेकवून कसाबसा तोल सांभाळत होती. विचारलं, काय गे, काय खाल्लंस का? "नाही ताई, सकाळी गाडीत बिस्किट." वाफेच्या नळीतली वाफ शंभरच्या वर असते. थरथरणाऱ्या हातात ती द्यायची नाही, हे मी कुणाला विचारून ठरवणार नाही.

मी काउंटरवर पाटी लावली, वीस मिनिटं बंद, आणि लाइनीतल्यांना तोंडानं सांगितलं की आम्ही दोघी जेवून येतो. काही जण कूपन टाकून निघून गेले. एकानं मॅनेजरला बोलावतो म्हटलं आणि बोलावलंही. एक आजी मात्र खुर्ची ओढून तिथंच बसल्या, "जेवा गे बायांनो, मला कुठं जायचंय." झाडलोटीच्या मावशी स्वतःहून आल्या आणि आमची टेबलं पुसून गेल्या, त्यांचं ते काम नव्हतं, त्यांच्यावर तर सगळं दुकान होतं. मागच्या खोलीत क्रेटवर बसून आम्ही भाकरी खाल्ली. मॅनेजर दारात येऊन उभे राहिले, मी म्हटलं सर, १९६१ चा दुकानांचा कायदा आहे कर्नाटकचा, सलग पाच तास काम झालं की एक तास विश्रांती द्यायला पाहिजे, मी वीस मिनिटं घ्यायलेय. ते काय बोलले नाहीत. त्याच कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि त्याच्या वरच्या तासांना दुप्पट पगार आहे, आम्हाला त्याच्याऐवजी कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टीचा दिवस मिळतो, आणि तो घ्यायचा कधी, माणूसच नाही तर?

संध्याकाळी साडेसहाला तिला शेवटच्या गाडीसाठी पाठवलं. साहेब म्हणत होते थांबू दे, रिक्षा करून देऊ. पावसात, रात्री दहाला, जांबोटीच्या रस्त्याला कोण रिक्षा जातीय? आणि घरच्यांनी एकदा नको म्हटलं की ती पोरगी परत कामावर दिसणार नाही, हे साहेबांना कळत नाही, मला कळतं. पुढं मी एकटी. एक कप करायचा, मग हात धुऊन बिल करायचं, मग परत मशीन. लाइन हळू चालली पण चालली. दुकान मिटल्यावर मशीन उघडून बॅकफ्लश केलं, म्हणजे आतनं उलटं पाणी फिरवून धुतलं, आधी धुण्याची पावडर घालून, मग नुसत्या पाण्यानं, जाळ्या काढून भिजत घातल्या, नळ्या पुसल्या, ग्राइंडरच्या तोंडाशी दिवसभराची तेलकट पावडर बसली होती ती ब्रशनं काढली. ते झाल्याशिवाय मी निघत नाही, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गिऱ्हाइकाला आदल्या दिवशीचं करपलेलं तेल का प्यायला द्यायचं?

सोमवारी रिपोर्ट आला. आमच्या काउंटरचा आजपर्यंतचा सगळ्यात मोठा सेल. कूपनचे पैसे दुकानाच्या खात्यातनं आमच्या खात्यात धरतात, त्यामुळे आकडा फुगून आला. ग्रुपवर टाळ्या, अंगठे, आणि खाली वरच्या ऑफिसातनं एक ओळ: दोघांत एवढं होतंय तर मंजूर संख्येचा परत विचार करू.

हेच माझ्या डोक्यातनं जात नाही. आम्ही निभावलं, म्हणूनच तो दिवस आमच्या विरुद्ध पुरावा झाला. लाइन तुंबली असती, लोक भांडले असते, मशीन बंद पडलं असतं, तर कदाचित माणूस मिळालं असतं. थरथरणारा हात रिपोर्टच्या कुठल्या रकान्यात येतो? परत पाठवलेले कप, न खाल्लेलं जेवण, सोडून गेलेली कूपनं, यातलं काही तिथं नाही. जावेनं सरळ सांगितलं, पुढच्या वेळी तुंबू दे, मग येतील शुद्धीवर. ती कापडाच्या दुकानात काम करते, तिच्याकडे पण हेच चाललंय. पण तुंबू कसं देऊ? लाइनीत उभी असलेली माणसं गणपतीची खरेदी करून दमून आलेली असतात, त्यांनी काय केलंय? आणि मला वाईट कॉफी हातानं देता येत नाही, ते माझ्यानं होतच नाही.

म्हणून आता एक वही घातलीय. सेलचा आकडा त्यात नाही. कोण किती वाजता जेवलं, कुणाला किती वेळ बिलिंगला नेलं, कुठला शॉट वेळेबाहेर गेला म्हणून टाकून दिला, काय धुवायचं राहिलं, किती वेळ लाइन थांबली, हे लिहून खाली सही. साहेबांना दाखवली, त्यांनी पानांचे फोटो काढून घेतले आणि वर पाठवतो म्हणाले. पाठवले का ते विचारायचंय. नवीन रोस्टर आलाय, त्यात अजून तिघंच आहेत. पोरगी दसऱ्यापर्यंत थांबते म्हणालीय. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी आमच्यातलं माणूस बिलिंगला द्यायचं नाही आणि कूपन काढायचं असलं तर दोन दिवस आधी सांगायचं, हे मी आत्ताच ग्रुपवर लिहून टाकलंय. चौघांनी वाचलेलं दिसतंय, उत्तर कुणी दिलेलं नाही.