कडुनिंबाची काठवट : पाचवा महिना

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की मी कोरलेली पहिली काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, फुटली. मधोमध, काठापासून काठापर्यंत, बोटाचं नख जाईल एवढी भेग. तेव्हा कारण कळलं नव्हतं, आता कळलंय. तिथूनच सुरुवात करते.

लाकूड शेतातल्या कडुनिंबाचं. मेच्या अखेरच्या वादळात बांधावरची मोठी फांदी मोडली, बुंध्याकडे चांगली फूटभर जाड. सरपणाला जायच्या आधी मी तिचे दोन तुकडे परभणीला घरी आणले. पहिला तुकडा आख्ख्या गोलातूनच कोरायला घेतला होता, म्हणजे झाडाचं मधलं भेंड काठवटीच्या बुडात तसंच राहिलं. गावाकडचे सुतारमामा बघायला आले आणि भेगेवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, भेंड ठेवलंव का फुटलंच म्हणून समजा." लाकूड सुकताना वर्षवलयांच्या कडेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडे आकसतं. लांबीत तर जवळपास आकसतच नाही. भेंडाभोवती ही दोन्ही ओढ एकमेकांना ताणत राहते, आणि भेग पडल्याशिवाय लाकडाला मोकळं होता येत नाही. ओंडक्यातून चकती कापली की तिला केंद्रापर्यंत चीर जाते, त्याचंही हेच कारण.

म्हणून दुसरा तुकडा भेंडातून उभा फाडला. लोखंडी पाचरी आणि घण घेतला. करवतीने हे काम करायचा हट्ट धरू नका, फाडलेलं लाकूड स्वतःच्या रेषेने, म्हणजे धाग्यांच्या दिशेने, उघडतं आणि कुठे गाठ आहे ते लगेच दिसतं. भेंडाकडची दीड बोट जाडी वाकसाने (तासायच्या हत्याराने) तासून टाकली. उरलेल्या अर्धगोलाची सालीकडची बाजू खाली, बूड म्हणून. फाडलेली सपाट बाजू वर, ती कोरायची.

कोरायचं काम ओल्या लाकडातच करा, हे मी आता सगळ्यांना सांगते. ओला कडुनिंब पटाशीखाली (सुताराच्या छिन्नीखाली) पाकळीसारखा निघतो. तोच महिनाभर वाळला की मनगट दुखवतो. माझी हत्यारं चारच आहेत : वाकस, अर्ध्या इंचाची सपाट पटाशी, बाभळीचा मोगर (लाकडी हातोडा) आणि नवी गोल पटाशी. या गोल पटाशीबद्दल थोडं सांगायलाच हवं. दुकानात मिळाली ती सरळ होती. खोलगट भांड्याच्या बुडाशी सरळ पटाशी घुसते, वळत नाही. जिंतूर रस्त्याकडेला घिसाड्यांचं, म्हणजे फिरत्या लोहारांचं, एक कुटुंब पाल ठोकून होतं. त्यांना ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा दिला आणि पुठ्ठ्यावर काढलेली कमान दाखवली. घिसाडी भात्याच्या विस्तवातलं लोखंड सांडशीत धरून वळवत होता, त्याची बायको समोरून घण मारत होती. एक शब्द न बोलता दोघांचा ठेका चुकत नव्हता. आकार आल्यावर पातं लाल करून तेलात बुडवलं, मग कड घासून पुन्हा हलकं तापवलं, कडेवर गवती पिवळा रंग चढला आणि लगेच थंड केलं. हे दुसरं तापवणं राहिलं तर पातं काचेसारखं ठिसूळ राहतं आणि गाठीवर तुकडा उडतो. मी आजवर विकत घेतलेल्या कुठल्याही पात्यापेक्षा याची धार जास्त टिकते. धार लावताना आधी ३२० चा पॉलिशपेपर लाकडी दांड्याला गुंडाळून आतून फिरवते, मग चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर.

कोरताना दिशा एकच लक्षात ठेवायची : काठाकडून बुडाच्या मध्याकडे, दोन्ही टोकांनी. मध्याकडून काठाकडे गेलात की पटाशी रेषेच्या पोटात शिरते आणि ढलपी उचकटते. जाडी काठाला एक बोट, बुडाला सव्वा बोट ठेवली. सगळीकडे सारखी जाडी असणं सुबकपणापेक्षा सुकण्यासाठी जास्त गरजेचं आहे. पातळ भाग आधी आकसतो आणि जाड भाग त्याला अडवून धरतो.

मग वाळवण. रेषेची टोकं जिथे उघडी पडतात त्या दोन बाजूंना मेणबत्तीचं मेण वितळवून लावलं, कारण पाणी तिथून सगळ्यात वेगाने निघतं. काठवट तिच्याच छिलक्यांत पुरून गोणपाटात बांधली आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. १० जूनला २ किलो ९०० ग्रॅम, जुलैअखेर २ किलो ३००, पोळ्याच्या सुमाराला २ किलो ८० ग्रॅम. त्यानंतर सलग तीन आठवडे २ किलो ५० ग्रॅमवरून काटा हलला नाही, तेव्हा वाळली असं धरलं. पावसाळ्याच्या दमट हवेची मला भीती होती, पण तीच उपयोगी पडली. हेच मे महिन्यात, ४३ अंशांच्या उन्हात केलं असतं तर दुसरी काठवटही गेली असती. भेग एकही नाही. ११ इंचांचा गोल मात्र आडव्या अंगाने साडेदहा झाला. हा लंबगोल मी रंध्याने दुरुस्त करणार नाही. लाकडाने स्वतः घेतलेला आकार आहे, आणि मला तो आवडतो.

आता तेल. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे.

घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी भांड्याला शेंगदाण्याचं तेल चोळतात. सासूबाईही तेच म्हणाल्या, "उगं कशाला वेगळं काय करायलीस, शेंगाचं लाव की." मी कडुनिंबाच्याच तीन पट्ट्या घेतल्या आणि जूनच्या सुरुवातीला एकीवर शेंगदाणा, एकीवर करडई, एकीवर जवस लावलं. तिन्ही तेलं लाकडी घाण्याची. अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घेतलं आणि पट्ट्या खिडकीत ठेवल्या.

जवस बाराव्या दिवशी बोटाला लागेनासं झालं. करडईला महिना लागला, त्यातही ढगाळ आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, ऊन पडलं की पडायचा. शेंगदाण्याची पट्टी आजही हाताला चिकट आहे, तिच्यावर धूळ बसलीय आणि नाकाजवळ नेली की खवट वास येतो. कारण तेलाच्या जातीतच आहे. काही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात, त्यांची पातळ कातडी तयार होते; काही कधीच होत नाहीत. याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो, हा आकडा जितका मोठा तितकं तेल चांगलं घट्ट होतं : जवसाचं १७० च्या पुढे, करडईचं १४० च्या आसपास, शेंगदाण्याचं साधारण ९०. आपल्याकडे करडई आणि जवस दोन्ही रब्बीत होतात, परभणी कुसुम हे करडईचं वाण तर इथल्याच कृषी विद्यापीठाचं. जे तेल लाकडाला हवं ते आपल्याच रानात पिकतंय, याचा मला फार आनंद झाला.

काठवटीला जवसच दिलं. पाच हात, दर दोन हातांमध्ये दहा-बारा दिवस, प्रत्येक वेळी पातळ. जाड थर वरून सुकतो आणि आत ओलाच राहतो, मग सुरकुत्या पडतात. रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉईल्ड जवस तेल खाण्याच्या भांड्याला लावू नका, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि एक गोष्ट खरंच गंभीर आहे : जवस पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तेल उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती अंगणात दोरीवर पसरून वाळवते.

कडूपणाचं काय, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तेल द्यायच्या आधी काठवटीत तीन वेळा उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवलं. पहिलं पाणी चहासारखं निघालं आणि कडू होतं, तिसरं जवळपास स्वच्छ. तरी तेल सुकल्यावर पहिला पिठाचा गोळा म्हशीसाठी पाठवला. दुसऱ्या गोळ्याची भाकरी खाल्ली, चव फक्त ज्वारीची.

परातीशी फरक पहिल्याच दिवशी कळला. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते तळहाताच्या टाचेने रगडून रगडूनच एकजीव करावं लागतं. त्या जोराला स्टीलची परात फिरते, पायाने धरावी लागते. ही दोन किलोची काठवट जागची हलली नाही. सासूबाईंनी काल त्यांची जुनी परात वर माळ्यावर ठेवून दिली. बोलल्या काहीच नाहीत.

वापरून झाल्यावर ओल्या हाताने खरवडायची, साध्या पाण्याने धुवायची आणि उभी टेकवून वाळवायची. पाण्यात भिजत ठेवायची नाही.

फुटलेल्या पहिल्या काठवटीच्या दोन अर्ध्या भागांतून दोन चाटू (लाकडी पळ्या) निघतील असं दिसतंय, रेषा सरळ आहे. कालपासून एकाची मान तासायला घेतलीय. पुढचा प्रयत्न बाभळीचा. ओंडका दोन महिने हौदात बुडवून ठेवलाय, कारण पाण्यात राहिला की पांढऱ्या लाकडातलं सत्त्व निघून जातं आणि पोखरणारा किडा मागे लागत नाही. ज्यांनी बाभूळ ओली असताना गोल पटाशीने कोरली आहे त्यांनी धारेचा कोन किती ठेवला ते जरूर सांगा. माझी कड सध्या २५ अंशांची आहे आणि बाभळीच्या गाभ्याला ती पुरेल असं वाटत नाही.