गुलाबाचा वास, सातपुड्याचं गवत

‘गुलाब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणाच्या वेष्टनामागची बारीक अक्षरं वाचा. ‘जेरॅनिऑल’ हे गुलाबी वासाच्या द्रव्याचं नाव बऱ्याचदा सापडतं. गुलाबात ते असतंच, पण खऱ्या गुलाबाचं तेल स्वस्त साबणात घालणं कुणालाच परवडत नाही. हे द्रव्य ज्या वनस्पतींतून काढतात, त्यांतली एक आमच्या सातपुड्यात उगवते: रोशा गवत.

माझं माहेर तळोद्याचं. पावसाळा सरता सरता डोंगरउतारावर रोशाला तुरे येतात, तेव्हा पान नुसतं चुरगाळलं तरी हात दरवळतो. वास गुलाबाचाच, पण त्याला गवताची हिरवी कड असते. मला तो निव्वळ गुलाबापेक्षा जास्त आवडतो. तेल मुख्यतः तुऱ्यात आणि पानांत असतं, काडीत फारसं नाही, म्हणून कापणी फुलोऱ्यावर करतात. त्यातही मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर वाढतो आणि त्याच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास जेरॅनिऑल असतं. सोफियाचं तेल उग्र, चेहऱ्याच्या कामाचं नाही.

एकोणिसाव्या शतकात खानदेशातलं रोशेल तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलपर्यंत जायचं आणि पुढे बल्गेरियाकडच्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. जगाने ज्याला गुलाब म्हणून हुंगलं, त्यात आमच्या भिल्ल गावांच्या रानातलं गवत होतं. ते कापणाऱ्यांचं नाव कुठल्याच कुपीवर आलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून मी घरी करते त्या साबणांच्या चिठ्ठीवर गुलाब लिहीत नाही, ‘रोशा गवत’ लिहिते.

आता त्वचेचं. वनस्पतीतून आलंय म्हणजे निर्धोक, असं मुळीच नाही. जेरॅनिऑलची काहींना अ‍ॅलर्जी होते. युरोपात लावून ठेवायच्या क्रीममध्ये ते ०.००१ टक्क्याहून जास्त, किंवा धुऊन टाकायच्या साबणात ०.०१ टक्क्याहून जास्त असेल, तर नाव छापावंच लागतं. हवा लागून ते जुनं झालं की त्रास देण्याची शक्यता आणखी वाढते. म्हणून रोशाच्या तेलाची बाटली लहान, गडद काचेची, काठोकाठ भरलेली आणि घट्ट बुचाची घ्या. तेल कधीच नुसतं लावू नका. ३० मिली तिळाच्या तेलात पाच-सहा थेंब पुष्कळ झाले. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. खाज सुटली, लाल झालं तर धुऊन टाका आणि तो नाद सोडा.

विकत घेताना टीपकागदावर एक थेंब टाकून ठेवा. खाद्यतेलाची भेसळ असेल, तर दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग तसाच राहतो. रॉकेल किंवा टर्पेंटाइन मिसळलं असेल तर ते असं कळत नाही, तिथे नाकच लागतं. माझी मावशी बूच उघडताक्षणी सांगते.