लॉफ्टमधला पीळ आणि स्वीपमधली वळणे

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर भागाचा त्रिमितीय आकार घडवताना, लॉफ्टने (दोन किंवा अधिक प्रोफाइल, म्हणजे छेदाच्या आकृत्या, जोडून) केलेला पृष्ठभाग पिळवटलेला दिसू लागला की बहुतेक जण मध्ये आणखी एक प्रोफाइल घालतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर आणखी एक. माझ्या मते हा उपाय बहुधा उलटाच पडतो. कारण दोष प्रोफाइलच्या संख्येत नसतो, तर एका प्रोफाइलवरचा कोणता बिंदू दुसऱ्यावरच्या कोणत्या बिंदूशी जोडला गेला आहे, यात असतो.

चौकोनी तोंडाकडून गोल तोंडाकडे जाणारा डक्ट घ्या. चौरसाला चार बाजू आणि चार कोपरे असतात. पूर्ण वर्तुळाला मात्र एकच वक्र आणि त्याचा एकच आरंभबिंदू असतो, त्यामुळे कोपऱ्यांसमोर वर्तुळाचा कोणता भाग यावा हे सॉफ्टवेअर स्वतःच्या अंदाजाने ठरवते. वर्तुळ आधीच चार समान कंसांत विभागून त्यांची टोके कोपऱ्यांच्या बरोबर समोर ठेवली, तर अंदाजाला जागाच उरत नाही. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये कनेक्टर (प्रोफाइलवरचे जुळणारे बिंदू दाखवणाऱ्या खुणा) ओढूनही ही जुळणी करता येते, पण स्केचमध्ये केलेली विभागणी उघड दिसते आणि तिला मापे देता येतात, म्हणून मला तीच अधिक भरवशाची वाटते.

हा पीळ केवळ डोळ्यांना खटकतो असे नाही. समान त्रिज्येची दोन समांतर, समाक्ष वर्तुळे सरळ रेषांनी जोडताना एकाचा आरंभबिंदू ४५ अंशांनी सरकला, तर मधल्या छेदाची त्रिज्या मूळच्या सुमारे ९२ टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे ८५ टक्के उरते. तोच ९० अंशांनी सरकला, तर क्षेत्रफळ थेट निम्म्यावर येते. हवा वाहून नेणाऱ्या भागाचा गळा असा आवळला जातो आणि केवळ दोन्ही तोंडांची मापे तपासणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून मधोमध छेद घेऊन क्षेत्रफळ मोजणे मी अत्यावश्यक मानतो.

जुळणी पक्की झाल्यावरही आकार मनासारखा येत नसेल, तर प्रोफाइल वाढवण्याआधी टोकांच्या अटी (टोकाच्या प्रोफाइलपाशी पृष्ठभाग कोणत्या दिशेने निघावा) आणि गाइड कर्व्ह (पृष्ठभागाला वाट दाखवणारी वक्ररेषा) यांच्याकडे वळावे. मधले प्रोफाइल मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाने जरी रेषेबाहेर गेले, तरी पृष्ठभागाला त्यातून जावेच लागते आणि तिथे लाट उठते. ती साध्या शेडिंगमध्ये दिसत नाही, झेब्रा स्ट्राइप्स (पृष्ठभागावर प्रतिबिंबासारखे दिसणारे काळे-पांढरे पट्टे) लावल्यावर लगेच दिसते. दोन पृष्ठभागांच्या सांध्यावर पट्टे तुटले तर तिथे केवळ कडा जुळल्या आहेत. पट्टे जुळूनही तिथेच कोन करून वळले तर स्पर्शरेषा जुळली आहे, वक्रता नाही. आणि ते सलग, नितळ वाहिले तर वक्रताही जुळली आहे. चकचकीत प्लास्टिकच्या भागासाठी साचा करायचा असेल, तर हा फरक साचा कापण्यापूर्वीच पाहायला हवा, कारण पॉलिश केलेला पृष्ठभाग काहीही लपवत नाही.

स्वीपमध्ये, म्हणजे एक प्रोफाइल पाथ नावाच्या रेषेवरून फिरवून आकार करताना, दुखणे वेगळे असते. मिक्सरच्या भांड्याचा दांडा करताना प्रोफाइल २४ मिमी जाड आहे आणि त्याच्या मधून जाणाऱ्या पाथची एका वळणावरची त्रिज्या १० मिमी आहे असे धरा: आतल्या बाजूला प्रोफाइल १२ मिमी पसरते, म्हणजे वळणाच्या केंद्राच्याही पलीकडे जाते, आणि पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो. सॉफ्टवेअर त्रुटी दाखवून थांबले की लोक प्रोफाइल बदलत बसतात. प्रत्यक्षात पाथवर कर्व्हेचर कोंब (जागोजागची वक्रता दाखवणाऱ्या रेषांचा कंगवा) लावून सर्वांत लहान त्रिज्या आधी पाहिली असती, तर ही वेळच आली नसती.

दांडा मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळता हवा असेल, तर गाइड कर्व्ह द्यावा लागतो. अशा वेळी प्रोफाइलवरचा बिंदू गाइडशी पिअर्स रिलेशनने (गाइड प्रोफाइलच्या प्रतलाला जिथे छेदतो तिथेच बिंदू ठेवणाऱ्या बंधनाने) बांधावा, आणि जे माप गाइडने बदलायचे आहे, ते प्रोफाइलच्या स्केचमध्ये मुळीच देऊ नये. पूर्ण मापे देऊन जखडलेल्या प्रोफाइलला बदलायला वावच राहत नाही, मग गाइड कितीही सुंदर काढलेला असो.